रेसिडेन्सी बंगल्यातील 'वृश्चिक'

मराठी वाचकाला मासिकातील चित्राची ओढ लागली ती बहुतांशी दिवाळी अंकांमुळे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कथा-कवितांच्या जोडीला चित्र असल्यावाचून अंकाला शोभा येत नाही ही समजूत उत्तरोत्तर दृढ होत गेली; आणि 1945 साली दीनानाथ दलालांनी 'दीपावली' सुरू केली तेव्हा चित्रकार स्वतःच अंकाचा मालक आणि संपादक होऊ शकतो, हेही महाराष्ट्राने पाहिले. तथापि या साऱ्या वैभवशाली कारभारात एक शिरस्ता अबाधित राहिला होता. मजकूर आधी येई आणि चित्र मागाहून. कथालेखकाने नायिका कल्पावी, चित्रकाराने तिला चेहरा द्यावा, आणि मुखपृष्ठावरील लावण्यवतीचा आतील पानांशी काही संबंध असला तर असावा, नसला तरी तक्रार नसावी. दलालांच्या कुंचल्याचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की, लेखन आणि चित्र ही दोन स्वतंत्र खाती आहेत व त्यांचे हिशेब वेगवेगळे ठेवावयाचे असतात, ही वहिवाट त्यांच्या अंकानेही मोडली नाही.

ती मोडण्याचा एक धीट आणि अल्पायुषी प्रयत्न 1969 ते 1973 या काळात बडोद्यास झाला. त्या नियतकालिकाचे नाव 'वृश्चिक', त्याची भाषा इंग्रजी, त्याचे संपादक दोन गुजराती चित्रकार, आणि त्याचे कार्यालय म्हणजे विद्यापीठ-कचेरीच्या आवारातील 4, रेसिडेन्सी बंगला हे त्यांचे राहते घर. महाराष्ट्रात या पत्राचे नाव फारसे घेतले जात नाही. परंतु जनाबाई, मुक्ताबाई आणि नामदेव यांच्या अभंगांना इंग्रजीत जे नवे बोलणे लाभले, त्याचा रस्ता याच घरातून गेलेला असल्यामुळे मराठी माणसाने त्याची विचारपूस करणे अगदीच अप्रस्तुत ठरणार नाही.

बडोद्याचे आणि मराठी भाषेचे नाते नव्याने सांगावयास नको. सयाजीराव महाराजांच्या अमदानीत 1890 साली स्थापन झालेल्या कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले, आणि रविवर्म्याची चित्रे राजवाड्यात लागली; पण संस्थानांच्या विलीनीकरणानंतर दरबारचा आश्रय संपला आणि कलेचे पालकत्व 1949 साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाकडे आले. हंसाबेन मेहता कुलगुरू असताना 1950 साली तेथे ललितकलांची शाखा निघाली. चित्रकला-विभागाची धुरा इंदूरहून पुढे आलेल्या नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याकडे होती. शिल्पविभाग शंखो चौधरींनी उभारला. आणि पुढच्याच वर्षी शांतिनिकेतनात तयार झालेले के. जी. सुब्रमण्यन अध्यापक म्हणून आले. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत ज्या ब्रिटिश अभ्यासक्रमाचे ओझे अजून पुरते उतरले नव्हते, ते ओझे बडोद्यात कोणाच्याच पाठीवर नव्हते. विद्यार्थ्याने रंगवावे, कोरावे, छापावे, आणि आपण काय करीत आहो यासंबंधी वाचावे व बोलावेही, अशी तेथील हवा होती. कलेचा इतिहास आणि समीक्षा हे विषय चित्रशाळेच्या भिंतीलगतच शिकविले जात; यामुळे लिहिता चित्रकार हा प्राणी बडोद्यात अपवाद म्हणून नव्हे तर अभ्यासक्रमाचे फळ म्हणून निर्माण झाला.

गुलाम मोहम्मद शेख हे या फळांपैकी सर्वांत रसाळ. 1937 साली सौराष्ट्रातील सुरेंद्रनगर येथे जन्मलेला हा तरुण बडोद्यास चित्रकला शिकावयास आला आणि चित्रकलेबरोबरच गुजराती कवितेच्या नव्या वाऱ्यातही सापडला. तो वारा वाहता ठेवणारे पुरुष म्हणजे सुरेश जोशी. विद्यापीठात गुजराती शिकविणाऱ्या या अध्यापकाने 'वाणी', 'मनीषा', 'क्षितिज', 'ऊहापोह' अशी एकामागून एक नियतकालिके काढली, बंद केली आणि पुन्हा नवी काढली. मराठीत जे काम अनेक बंडखोरांनी वाटून घेतले, ते गुजरातीत बव्हंशी या एका माणसाने केले असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. शेखांच्या मुक्तछंदातील कविता 'क्षितिज'च्या पानांत वाढल्या आणि 1974 साली 'अथवा' या संग्रहात एकत्र आल्या. मध्यंतरी 1963 ते 1966 अशी तीन वर्षे ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये होते. इटलीतील जुन्या भित्तिचित्रांची गोडी त्यांना लागली ती याच प्रवासात, आणि परतल्यावर ते बडोद्यासच शिकवू लागले.

दुसरे संपादक भूपेन खख्खर हे मूळचे मुंबईच्या खेतवाडीतले, 1934 सालचे, आणि पेशाने सनदी लेखापाल. घरच्या मंडळींच्या दृष्टीने त्यांचे आयुष्य मार्गी लागले होते. परंतु शेखांशी ओळख झाल्यानंतर 1962 साली त्यांनी मुंबई सोडली, बडोद्यास कलासमीक्षेच्या वर्गात नाव घातले, आणि उदरनिर्वाहासाठी एका कारखान्याचे हिशेब अर्धवेळ लिहीत उरलेला वेळ रंगांना दिला. बाजारात मिळणाऱ्या देवादिकांच्या छापील तसबिरी कापून चिकटवून त्यांनी केलेली चित्रे 1965 साली मुंबईत जहांगीर कलादालनात लागली, तेव्हा सुसंस्कृत प्रेक्षक बुचकळ्यात पडला. देवघरातील कागद कलादालनात आला की त्याला पाया पडावे की त्याच्याकडे पाहून हसावे, हे त्याला ठरविता येईना. याच भूपेनभाईंनी पुढे गुजरातीत कथा लिहिल्या, 'मोजिला मणिलाल' हे नाटक लिहिले, आणि न्हावी, घड्याळजी, शिंपी अशा सामान्य माणसांना आपल्या चित्रांत असे मोठे आसन दिले की आज त्यांच्यावाचून भारतीय चित्रकलेचा विचारच संभवत नाही.

अशा दोन माणसांचे एकत्र बिऱ्हाड ही एका मासिकाची पूर्वतयारीच होय. त्यांच्या पाठीशी आणखी एक अनुभव होता. 1962 साली भावनगरच्या एका घरी काही चित्रकार जमले आणि त्या घराच्या क्रमांकावरून त्यांनी आपल्या मंडळाला 'ग्रुप 1890' असे नाव दिले. शेख त्यांत होते, ज्योती भट्ट व जेराम पटेल होते, अकोल्याचे अंबादास होते, आणि या सर्वांचा जाहीरनामा लिहिणारे जगदीश स्वामिनाथन होते. 1963 साली दिल्लीत भरलेल्या त्यांच्या एकमेव प्रदर्शनाचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले आणि पुस्तिकेची प्रस्तावना मेक्सिकोचे तेव्हाचे राजदूत, कवी ऑक्तावियो पाझ यांनी लिहिली. मंडळ लवकरच विखुरले. परंतु स्वामिनाथनांनी 'काँट्रा 66' हे खरमरीत पत्र काढून चित्रकारानेच कलेसंबंधी लिहावे, समीक्षकाच्या मर्जीवर विसंबून राहू नये, ही गोष्ट दाखवून दिली, आणि तेही पत्र अल्पायुषी ठरल्यावर त्याची जागा रिकामी राहिली.

ती भरून निघाली 1969 च्या नोव्हेंबरात. त्या साली देशभर गांधीजींची जन्मशताब्दी साजरी होत होती, आणि त्याच साली सप्टेंबर महिन्यात गांधीजींच्या साबरमतीकाठी, अहमदाबादेत, स्वातंत्र्योत्तर काळातील अत्यंत भीषण जातीय दंगल पेटून तिच्या झळा गुजरातच्या इतर शहरांनाही लागल्या. एक मुसलमान कवी-चित्रकार आणि एक हिंदू हिशेबनीस-चित्रकार एका छपराखाली राहून दोन महिन्यांच्या आत एक नियतकालिक काढतात आणि त्याला विंचवाचे नाव देतात, या घटनेला त्या पार्श्वभूमीवर जो अर्थ प्राप्त होतो तो संपादकीयांत शोधीत बसण्याची गरज नाही.

या पत्राचे बाह्य रूप दरिद्री होते आणि ते तसे असण्यातच त्याचे सौंदर्य होते. त्या काळी छायाचित्र किंवा रंगचित्र छापावयाचे म्हणजे हाफटोन ठोकळे करवून घ्यावे लागत आणि तो खर्च जाहिरातींच्या पाठबळावाचून कोणत्याही लहान पत्राला पेलत नसे; म्हणूनच दिवाळी अंकांच्या चित्रवैभवामागे साबण, तेले आणि औषधे विकणारे व्यापारी उभे असत. सायक्लोस्टाइलचा मार्ग स्वस्त होता, पण मेणकागदावर लोखंडी लेखणीने ओढता येते ती केवळ बारीक रेघ. काळ्याचा भरीव डाग तेथे टिकत नाही. बडोद्याच्या मंडळींनी तिसरा मार्ग पत्करला. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्रकाराने स्वतः कोरावे आणि त्या ठशावरून थेट छाप घ्यावी. असा ठसा खिळ्यांच्या उंचीच्या लाकडावर बसविला की तो अक्षरांच्या बरोबरीने त्याच यंत्रात, त्याच शाईने उमटू शकतो. यात वाचकाच्या हाती पडते ती चित्राची नक्कल नसते, चित्रकाराने ज्या पृष्ठभागावर हत्यार चालविले त्याचा तो प्रत्यक्ष ठसा असतो. शेख आणि खख्खर यांच्याप्रमाणेच त्यांच्या मित्रमंडळातील चित्रकारांनी 'वृश्चिक'साठी लिनो कोरले, रेखाटने दिली. आणि ही चित्रे कोणत्याही लेखाची सजावट नव्हती व कोणत्याही कवितेचा अर्थ सांगण्यास बांधलेली नव्हती. शेजारच्या पानावरील मजकुराइतकाच त्यांना बोलण्याचा अधिकार होता, आणि मजकूर लिहिणारा आणि ठसा कोरणारा पुष्कळदा एकच असल्यामुळे मानपानाचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

पत्र इंग्रजीत का, असे कोणी विचारील. दोघेही संपादक सर्जनशील लेखन गुजरातीत करीत, आणि तरी पत्र इंग्रजीत काढीत, याचे कारण मला त्यांच्या भांडणात दिसते. त्यांना ज्यांच्याशी बोलावयाचे होते ते चित्रकार दिल्लीत, मुंबईत, मद्रासेस आणि कलकत्त्यात पसरलेले होते, आणि ज्या कचेरीशी लढावयाचे होते ती तर इंग्रजीवाचून दुसऱ्या भाषेतील अर्जाला पोचसुद्धा देत नसावी.

ती कचेरी म्हणजे 1954 साली स्थापन झालेली ललित कला अकादमी. तिच्या सर्वसाधारण सभेवर राज्यसंस्थांचे प्रतिनिधी, सरकारने नेमलेली मंडळी आणि मान्यताप्राप्त संस्थांचे पुढारी यांची वर्दळ असे. प्रत्यक्ष चित्र काढणाऱ्याचा आवाज तेथे क्षीण होता. अकादम्यांच्या कारभाराची तपासणी करण्यासाठी सरकारने 1970 साली न्यायमूर्ती गोपाळदास खोसला यांची समिती नेमली, आणि 1971 साली दिल्लीत आंतरराष्ट्रीय त्रैवार्षिक प्रदर्शन भरले तेव्हा अनेक नामांकित चित्रकारांनी त्यावर बहिष्कार घातला. या चळवळीचे दप्तर जर कोठे बांधले गेले असेल तर ते 'वृश्चिक'च्या अंकांत. पत्रे, निवेदने, मागण्यांचे मसुदे, अकादमीच्या घटनेची चिरफाड, चित्रकारांचा स्वतंत्र मतदारसंघ असावा ही मागणी, असा पुष्कळ ऐवज तेथे छापला गेला. खोसला समितीचा अहवाल 1972 साली आला. चित्रकारांना मताधिकार देण्याची व्यवस्थाही पुढे झाली. आणि अकादमी सुधारली काय, या प्रश्नाचे उत्तर तिच्या नंतरच्या पन्नास वर्षांच्या दावे-प्रतिदाव्यांनी परस्पर दिले आहे. माझे मत विचाराल तर 'वृश्चिक'चा हा भाग आज सर्वांत कमी जिवंत आहे. ज्या नांगीबद्दल त्या पत्राची ख्याती झाली तिचे विष अकादमीला फारसे चढले नाही, आणि तरुण चित्रकारांची बहुमोल शक्ती मात्र ठराव लिहिण्यात खर्ची पडली. तरीही एक गोष्ट त्या भांडणातून साधली, ती अशी की, चित्रकार हा आश्रित नसून नागरिक आहे, त्याने कारभाराचा जाब विचारावा, ही सवय एका पिढीला लागली.

याहून टिकाऊ असे काम एका तरुण समीक्षिकेने त्याच पानांत केले. गीता कपूर यांनी लंडनहून परतल्यावर आपला दीर्घ प्रबंध 'वृश्चिक'मधून क्रमशः प्रसिद्ध केला आणि 1973 साली तो 'वृश्चिक'नेच पुस्तकरूपाने काढला. वसाहतीच्या राज्यातून सुटलेल्या देशातील चित्रकाराने आपली ओळख कशाच्या आधारावर ठरवावी, परंपरेचा पुकारा करणाऱ्या स्वदेशीपणात सत्य किती आणि सोंग किती, पाश्चात्त्य आधुनिकतेशी देणेघेणे कोणत्या अटींवर करावे, हे प्रश्न भारतीय चित्रकलेच्या संदर्भात इतक्या सलगपणे त्यापूर्वी क्वचितच मांडले गेले होते. एवढे लांबलचक विवेचन छापण्याचे धाडस कोणत्याही व्यापारी मासिकाने केले नसते. ज्याला वर्गणीदार गमावण्याची भीती नाही, कारण मुळात वर्गणीदारच मोजके, त्यालाच हे परवडते.

परंतु 'वृश्चिक'च्या साऱ्या अंकांतून एकच अंक निवडा असे कोणी सांगितले तर मी विनासायास 1970 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरचा जोडअंक उचलीन. भारतीय संतकवितेचा तो विशेषांक अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल यांनी पाहुणे संपादक या नात्याने सिद्ध केला. मेहरोत्रा त्या वेळी जेमतेम तेवीस वर्षांचे. 1965 साली अलाहाबादेस विद्यार्थिदशेतच त्यांनी मित्रांच्या साहाय्याने 'डॅम यू' नावाचे सायक्लोस्टाइल पत्र काढून आपली चुणूक दाखविली होती. गीव्ह पटेल हे मुंबईचे पारशी डॉक्टर. दिवसा रुग्ण तपासावेत, उरलेल्या वेळात कविता लिहावी आणि चित्रे रंगवावीत, असा त्यांचा क्रम होता. सतराव्या शतकातील अखो या अहमदाबादच्या सोनाराचे छप्पे त्यांनी गुजरातीतून इंग्रजीत आणावयास घेतले ते तेव्हापासून. आणि मराठी संतांचा भार उचलला तो अरुण कोलटकरांनी.

कोलटकर म्हणजे कोल्हापुरात जन्मलेले, जे. जे. कलाशाळेत शिकलेले आणि जाहिरातींच्या व्यवसायात चित्रसंकल्पक म्हणून नावाजलेले गृहस्थ. कविता त्यांनी मराठीत आणि इंग्रजीत एकाच वेळी लिहिली, आणि कोणत्या भाषेचे आपण खरे वारस, या प्रश्नाला कधी भीक घातली नाही. 1950 नंतरच्या दशकात दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांच्यासमवेत त्यांनी 'शब्द' हे सायक्लोस्टाइल पत्र चालविले होते. मराठीतील अनियतकालिकांची जी चळवळ पुढे अशोक शहाण्यांच्या 'असो', भालचंद्र नेमाड्यांच्या 'वाचा' आणि राजा ढाल्यांच्या 'येरू' यांनी गाजविली, तिचा उगम येथे आहे. तुकारामाचे काही अभंग त्यांनी निसिम इझिकेल यांच्या 'पोएट्री इंडिया'त 1966 साली प्रसिद्ध केले होते. 'वृश्चिक'च्या अंकात त्यांनी नामदेव, जनाबाई आणि मुक्ताबाई यांना आणले.

हे आणणे कसे होते ते समजून घेण्यासारखे आहे. संतवाणीची इंग्रजी भाषांतरे तोवर झाली नव्हती असे नाही. पण मिशनऱ्यांनी केलेली असोत वा आपल्याकडील विद्वानांनी, त्यांत जनाबाई बायबलच्या वळणाची इंग्रजी बोले, देवाला आदरार्थी जुनी सर्वनामे लावी, आणि जात्यावर बसलेल्या दासीचा घाम त्या भाषेला कोठेही लागलेला नसे. कोलटकरांनी अमेरिकन कृष्णवर्णीय गायकांच्या ब्लूज गाण्यांतली, रस्त्यावरची, तुटक आणि धारदार इंग्रजी उचलली आणि तीत जनाबाईला बोलते केले. प्रथमदर्शनी हा अत्याचार वाटतो. परंतु विठ्ठलाला हक्काने रागावणारी, त्याला दळण-कांडणास जुंपणारी, लोकलज्जेला पदरासारखी खांद्यावर टाकणारी जी स्त्री मूळ अभंगांत आहे तिच्याशी ही भाषा अधिक इमान राखते, असा निर्वाळा मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवून वाचणाऱ्याला द्यावाच लागतो. वारकऱ्याच्या दृष्टीने अभंग ही देवघरातील वस्तू असेल. कोलटकरांनी तिला समकालीन कवितेच्या रांगेत उभे केले, आणि नेमके हेच कृत्य पाच वर्षांपूर्वी भूपेन खख्खरांनी देवांच्या तसबिरींच्या बाबतीत केले होते. या दोघांच्या कृतींची एका पत्राच्या अंगणात गाठ पडावी, हा मला योगायोग वाटत नाही. आधुनिकांनी परंपरेला एकतर नमस्कार करावा किंवा लाथ मारावी, या दोनच वाटा ज्या काळात ठाऊक होत्या, त्या काळात तिच्याशी सलगी करण्याची तिसरी वाट या मंडळींनी चोखाळली. आणि ती चित्रकारांच्या घरी सापडली, कारण चिंध्या, तसबिरी, जुने ठसे यांतून नवे चित्र जुळविण्याची कला त्यांच्या हाताला आधीपासून अवगत होती.

मराठी अनियतकालिकांशी तुलना करताना एक फरक मनात येतो. 'असो' किंवा 'वाचा' यांची लढाई मुख्यतः प्रस्थापित साहित्याशी होती, भाषेशी होती, 'सत्यकथे'च्या अभिरुचीशी होती. तिची तीव्रता 'वृश्चिक'च्या अकादमी-विरोधाहून कितीतरी अधिक होती आणि तिचा परिणामही मराठी गद्य-पद्यावर खोल झाला. चित्राला मात्र तेथे घरचा मालक म्हणून बसावयास जागा नव्हती. कोलटकरांसारखा चित्रसंकल्पक हाताशी असूनही सायक्लोस्टाइलच्या मेणकागदाने आणि आर्थिक ओढगस्तीने जी मर्यादा घातली, ती ओलांडावयास एखादी चित्रशाळा शेजारी असावी लागते. मुंबईत जे. जे. होते, पण गिरगावातील छापखाने आणि बोरीबंदरासमोरील ती कलाशाळा यांच्यामधील अंतर मैलांनी मोजण्याजोगे नव्हते.

1973 नंतर 'वृश्चिक' निघाले नाही. पत्राचे माणसांवर ओझे उरले नाही, पण माणसांचे परस्परांशी जुळलेले सूत तुटलेही नाही. 1976 साली मेहरोत्रा, गीव्ह पटेल, आदिल जस्सावाला आणि कोलटकर या चार कवींनी मुंबईत 'क्लीअरिंग हाउस' ही सहकारी प्रकाशनसंस्था उभी केली. तिच्या पहिल्या पुस्तकांत कोलटकरांचे 'जेजुरी' होते आणि पुस्तकांची मुखपृष्ठे करणारा हात कोलटकरांचाच होता. पुढल्याच वर्षी 'जेजुरी'ला राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी अशोक शहाण्यांच्या 'प्रास प्रकाशना'ने त्यांचा पहिला मराठी संग्रह काढला. 1981 साली शेख, खख्खर आणि विवान सुंदरम यांनी नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि ठाण्याचे डॉक्टर-चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्यासह 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन मुंबईत व दिल्लीत भरविले, तेव्हा त्याचा प्रस्तावलेख गीता कपूर यांनी लिहिला. शेखांच्या चित्रांत पुढे कबीर वारंवार येऊन बसला. मेहरोत्रांनी कबीराच्या पदांची इंग्रजी भाषांतरे 2011 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. आणि कोलटकर 2004 साली निवर्तल्यानंतर त्यांची विखुरलेली इंग्रजी कविता व संतकवितेची भाषांतरे गोळा करून मेहरोत्रांनी 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' हा संग्रह 2009 साली संपादित केला. तो छापला प्रास प्रकाशनाने, म्हणजे ज्यांनी कधीकाळी 'असो' चालविले होते त्या अशोक शहाण्यांनी.